जीप : बटलरपासून रांजणगावपर्यंत

११ जुलै १९४० रोजी अमेरिकी लष्कराने देशातल्या १३५ कारखान्यांना एक निविदापत्र धाडलं. हवी होती एक हलकी टेहळणी गाडी. चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळाली पाहिजे, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता आली पाहिजे, माणसं आणि सामान मिळून ६०० पौंड वजन नेता आलं पाहिजे. गाडीचं स्वतःचं वजन मात्र १३०० पौंडांवर, म्हणजे साधारण ५९० किलोंवर, जाता कामा नये. निविदा अकरा दिवसांत भरायची, पहिली गाडी ४९ दिवसांत द्यायची आणि ७० गाड्यांची सगळी मागणी ७५ दिवसांत पुरी करायची.

घाईला कारण होतं. तीनच आठवड्यांपूर्वी फ्रान्स जर्मनीला शरण गेला होता. जर्मन फौजा मोटारींवर स्वार होऊन किती वेगाने पुढे सरकतात, हे साऱ्या जगाने पाहिलं होतं. अमेरिकी लष्कराकडे निरोप पोचवायला आणि टेहळणीला खेचरं, घोडे आणि साइडकार जोडलेल्या मोटरसायकली होत्या. मोटरसायकल चिखलात अडकायची. ट्रक चिखलातून निघायचा, पण तो इतका उंच आणि बोजड की शत्रूला लांबूनच दिसायचा. दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं.

१३५ कारखान्यांपैकी सुरुवातीला फक्त दोघांनी हात वर केला. एक ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरातली विलीज-ओव्हरलँड. १९१०च्या दशकात विक्रीत फोर्डच्या खालोखाल असलेली ही कंपनी १९३३ मध्ये दिवाळखोरीत गेली होती आणि नुकती कुठे सावरत होती. दुसरी पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम. ऑस्टिन सेव्हन ही चिमुकली ब्रिटिश गाडी परवान्यावर बनवण्यासाठी हा कारखाना निघाला होता. पण ऐसपैस गाड्यांची सवय असलेल्या अमेरिकी गिऱ्हाइकाने तिच्याकडे पाठ फिरवली. १९४० उजाडेपर्यंत कारखाना जवळपास बंद पडला होता आणि हाताशी गाडी आखू शकेल असा अभियंताही उरला नव्हता. भरल्या पोटी बसलेल्या बड्या कंपन्यांना ७० गाड्यांच्या या कामात रस नव्हता. ज्यांना काम मिळालं नाही तर टाळं लागणार होतं, त्याच पुढे आल्या. जीपच्या जन्मात या अडचणीचा वाटा फार मोठा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही.

बँटमने डेट्रॉइटच्या कार्ल प्रोब्स्ट या स्वतंत्र काम करणाऱ्या अभियंत्याला गळ घातली. पगार द्यायला कंपनीकडे पैसे नव्हते. कंत्राट मिळालं तर मोबदला, नाहीतर काही नाही, असा मामला होता. प्रोब्स्ट १७ जुलैला बटलरला पोचला आणि दोन दिवसांत त्याने साऱ्या गाडीचे आराखडे कागदावर उतरवले. हिशेब केल्यावर त्याच्या लक्षात आलं, की १३०० पौंडांत अशी गाडी बसणं शक्यच नाही, अठराशेच्या पुढे ती जाणारच. तरीही निविदेत वजन मर्यादेतलंच लिहिलं गेलं. खरं वजन लिहिलं असतं तर निविदा पहिल्याच दिवशी बाद झाली असती. विलीजची किंमत कमी होती, पण ४९ दिवसांत गाडी देणं जमणार नाही असं तिने आधीच सांगितलं, आणि उशिराचा दंड धरल्यावर काम बँटमकडे आलं.

पुढचे सात आठवडे कारखान्याचा प्रमुख हॅरल्ड क्रिस्ट आणि त्याच्या हाताखालची मूठभर माणसं अक्षरशः हाताने गाडी घडवत होती. सगळं काही नव्याने बनवायला वेळ नव्हता. इंजिन एका कंपनीचं, आस दुसरीकडचे, आणि ते आस मूळचे दुसऱ्याच मोटारीचे, त्यांत फेरफार करून बसवलेले. पत्रा हाताने वाकवला. २३ सप्टेंबर १९४० ला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, प्रोब्स्ट आणि क्रिस्ट ती गाडी स्वतः हाकत बाल्टिमोरजवळच्या कँप होलाबर्ड या लष्करी तळावर घेऊन गेले. मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

तळावर गाडीचे हाल हाल करण्यात आले. खड्डे, चिखल, वाळू, लाकडी ओंडक्यांचे रस्ते अशा वाटांवरून तिला तीन हजारांहून अधिक मैल पिटाळली. चासी तडकली, इतरही बरंच मोडलं, पण गाडी कसोटीला उतरली होती. वजन मर्यादेच्या किती तरी वर भरलं, तरी लष्कराने गाडी परत पाठवली नाही. मर्यादाच वाढवली.

इथपर्यंतची गोष्ट बँटमची आहे. इथून पुढे ती तिच्या हातून निसटते. लष्कराला आता ७० नाही, हजारो गाड्या हव्या होत्या, आणि बटलरचा कारखाना तेवढ्या देऊ शकेल असा भरवसा अधिकाऱ्यांना नव्हता. चाचण्या चालू असताना विलीज आणि फोर्डच्या माणसांना गाडी पाहू दिली, बँटमचे आराखडेही दिले. नोव्हेंबरात दोघींचे नमुने आले. तिन्ही कंपन्यांना प्रत्येकी १५०० गाड्यांचं काम मिळालं आणि तिन्ही गाड्या सैन्यात शेजारी शेजारी राबल्या.

निर्णय फिरला तो इंजिनावर. विलीजचा मुख्य अभियंता डेल्मर रूस याने २.२ लिटरच्या एका जुन्या चार सिलिंडरी इंजिनावर मेहनत घेऊन त्यातून ६० अश्वशक्ती काढली होती. बाकी दोघींच्या इंजिनांत तेवढा दम नव्हता. अडचण वजनाची होती. लष्कराने नवी मर्यादा २१६० पौंड ठरवली आणि विलीजची गाडी तिच्यावर शेकडो पौंड जात होती. हलकं इंजिन बसवणं हा सोपा मार्ग होता. रूसने तो नाकारला. त्याने गाडी नट-बोल्टपर्यंत सुटी केली आणि प्रत्येक भागातून जमेल तितकं वजन काढलं. लांब बोल्ट आखूड केले, पोलाद बदललं, रंगाचा थरसुद्धा पातळ केला असं सांगतात. जुलै १९४१ मध्ये १६ हजार गाड्यांचं कंत्राट विलीजला मिळालं. एका गाडीची किंमत ७४० डॉलरच्या आत होती. मागणी वाढल्यावर त्याच वर्षी फोर्डलाही विलीजच्याच आराखड्याबरहुकूम गाड्या बनवायला सांगितलं. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. बँटमच्या वाट्याला एकूण पावणेतीन हजारांहूनही कमी गाड्या आल्या आणि मग तिला जीपमागे ओढायचे ट्रेलर बनवायचं काम देण्यात आलं. युद्धाची निकड मान्य केली तरी हा अन्याय होता, असंच माझं मत आहे.

या युद्धकाळातल्या गाडीला, विलीज एमबीला, जवळून पाहिलं की रणांगणावरच्या माणसाचा विचार किती बारकाईने झाला होता ते कळतं. तिला दारं नाहीत, दाराच्या जागी खाच आहे, म्हणजे गोळीबार सुरू झाला की पाय बाहेर टाकून थेट उडी मारता येते. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली. डाव्या अंगाला बाहेरून फावडं आणि कुऱ्हाड पट्ट्यांनी बांधलेली. मागच्या पत्र्यावर एका बाजूला स्टेपनी, दुसऱ्या बाजूला जादा पेट्रोलचा डबा. सगळ्यांत सुंदर आहे तो हेडलाइटचा बेत. दिवे बंपरच्या बाजूने नाही, तर जाळीच्या मागे एका बिजागरीवर बसवलेले आहेत. बॉनेट उघडायचं, चिमटीत धरून फिरवायचा एक नट सैल करायचा आणि दिवा उलटा वळवायचा, की प्रकाश थेट इंजिनावर पडतो. रात्री, अनोळखी मुलखात, हातात कंदील न धरता मेकॅनिकला दोन्ही हातांनी काम करता यावं म्हणून केलेली ही सोय. पुढची सपाट पोलादी पट्ट्यांची जाळी आधी जोडकाम करून बनवत. फोर्डने ती एकाच पत्र्यातून साच्यात दाबून काढली. जीपची खूण म्हणून आज जो चेहरा जगभर ओळखतात, तो असा खर्च आणि वजन वाचवण्याच्या खटपटीतून आला.

आता चारही चाकांच्या ओढीविषयी, कारण जीपचा सारा लौकिक त्यावर उभा आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून प्रत्येक मोटारीत डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची जुळणी असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. चांगल्या रस्त्यावर हे वरदान, चिखलात हाच शाप. एक चाक घसरलं की सगळी गती त्या घसरणाऱ्या चाकाकडे जाते आणि घट्ट जमिनीवरचं चाक गप्प बसून राहतं. मागच्या आसाबरोबर पुढचा आसही इंजिनाला जोडला, की निदान एक चाक पुढे आणि एक मागे ओढतं, आणि गाडी निघण्याची शक्यता खूपच वाढते. हे जोडण्याचं काम गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला ट्रान्सफर केस करतो. जुन्या जीपमध्ये मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे दिसतात ते त्याचेच. एकाने पुढची चाकं जोडायची किंवा सोडायची, दुसऱ्याने हाय किंवा लो निवडायचं. लोमध्ये गाडीचा वेग साधारण निम्मा होतो आणि चाकावरचा जोर जवळपास दुप्पट. गिअरची सायकल घाटात चढवताना पायडल भराभर फिरतात, चाक हळू फिरतं, पण चढ चढतो, तसंच हे. पूर्ण लादलेली जीप चढावरून माणसाच्या चालीने, इंजिन बंद न पडता वर सरकते ती या लोच्या जोरावर.

युद्धात जीपने काय केलं नाही? जखमींचे स्ट्रेचर वाहिले, तोफा ओढल्या, टेलिफोनच्या तारा टाकल्या. ब्रह्मदेशात टायर काढून रेल्वेची चाकं बसवली आणि तिच्याकडून रुळांवर डबे ओढून घेतले. भाडेपट्ट्याच्या करारातून हजारो जीप सोव्हिएत रशियाला गेल्या. जिथे गेल्या तिथे त्यांनी वंश मागे ठेवला. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या शेतावर युद्धातून उरलेली एक जीप वापरत. ती मोडली तर दुसरी कुठून आणायची, या प्रश्नातून १९४८ मध्ये लँड रोव्हर आली, आणि तिचा पहिला नमुना जीपच्याच चासीवर बांधला होता. जपानमध्ये टोयोटाने १९५१ मध्ये जीपच्या धर्तीवर गाडी बनवली. तिला आधी जीपच म्हणत. १९५४ मध्ये नाव बदलून लँड क्रूझर झालं. फिलिपिन्समध्ये अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीप लांबवून, रंगवून लोकांनी जीपनी नावाची सार्वजनिक वाहतूक उभी केली.

जीप हे नाव कुठून आलं यावर अनेक मतं आहेत आणि त्या वादात मी पडत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते नावाच्या मालकीचं भांडण. युद्धकाळात विलीजने जाहिराती केल्या, की जीप आम्हीच घडवली. बँटमसह इतरांनी तक्रार केली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी करून १९४८ मध्ये आदेश दिला, की ही गाडी विलीजने एकटीने निर्माण केली असा दावा कंपनीने करू नये. तत्त्वाने बँटम जिंकली होती, पण तोवर ती मोटारींच्या धंद्यातून बाहेर पडली होती. १९५० मध्ये जीप हे नाव विलीजच्या नावावर व्यापारचिन्ह म्हणून नोंदलं गेलं. बटलरमध्ये आता दरवर्षी बँटमच्या नावाने जीपचा उत्सव भरतो, हजारो जीपवाले तिथे येतात. तेवढं श्रेय त्या गावाने मिळवलं आहे.

युद्ध संपण्याच्या सुमारासच विलीजने शेतकऱ्याकडे मोर्चा वळवला होता. १९४५ मध्ये आलेली सीजे-२ए ही पहिली नागरी जीप. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप. मागे खाली पडणारं फळकं, मोठे हेडलाइट, स्टेपनी बाजूला, आणि इंजिनाच्या जोरावर मळणीयंत्र किंवा पंप फिरवण्यासाठी मागे फिरता दांडा. पुढच्या जाळीत फोर्ड-विलीजच्या युद्धकालीन गाडीत नऊ खाचा होत्या, नागरी गाडीत सात झाल्या. तीच आजची व्यापारी खूण. सकाळी नांगर, दुपारी बाजारहाट, रविवारी चर्च असं सगळं एकाच गाडीत, ही कल्पना आकर्षक होती. नांगरणीत ती खऱ्या ट्रॅक्टरची बरोबरी करू शकली नाही, पण शेतावरची बाकीची शंभर कामं तिने केली. १९५३ च्या सीजे-३बीमध्ये नवं, उंच इंजिन बसवायचं म्हणून बॉनेट वर उचललं. भारतात आपण ज्या जुन्या जीप पाहिल्या, त्यांचं ते उंच कपाळ याच इंजिनामुळे आहे. १९५५ ची गोलसर सीजे-५ तर १९८३ पर्यंत बनत राहिली.

दुसरी शाखा घरच्या मंडळींसाठी. १९४६ मध्ये ब्रूक्स स्टीव्हन्स या आरेखनकाराने विलीजसाठी पूर्ण पोलादी स्टेशन वॅगन आखली. तेव्हा अशा गाड्यांचे टप लाकडी असत. तीन वर्षांनी तिलाही चारही चाकांची ओढ मिळाली. याच स्टीव्हन्सने पुढे वॅगोनिअर आखली. १९६३ च्या या गाडीत चारचाकी ओढीबरोबर ऑटोमॅटिक गिअरही मिळू लागला. बर्फातून जाणारी गाडी आणि आरामशीर गाडी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या जात होत्या. वॅगोनिअरने त्या एकत्र आणल्या. आज जगभर ज्याला एसयूव्ही म्हणतात त्याचा एक उगम इथे आहे. बाजूला लाकडी भासणारे पट्टे लावलेली ग्रँड वॅगोनिअर याच सांगाड्यावर १९९१ पर्यंत निघत राहिली.

मालक मात्र बदलत राहिले. १९५३ मध्ये विलीज कायझरने घेतली, १९७० मध्ये जीप अमेरिकन मोटर्सकडे गेली, त्या कंपनीत पुढे फ्रान्सच्या रेनोने हिस्सा घेतला. १९८७ मध्ये क्रायस्लर, १९९८ मध्ये डाइम्लर, २००७ मध्ये सर्बेरस ही गुंतवणूक कंपनी, २००९ च्या दिवाळखोरीनंतर फियाट, आणि २०२१ पासून स्टेलँटिस. बरेचसे मालक अडचणीत आले, आणि दर वेळी नव्या मालकाने जुन्या कंपनीतून सर्वांत आधी हात घातला तो जीपवर. क्रायस्लरच्या ली आयकोका यांनी अमेरिकन मोटर्स विकत घेतली ती मुख्यतः जीपसाठीच.

या काळातल्या दोन गाड्यांवर थोडं थांबायला हवं. १९८४ च्या मॉडेलची चेरोकी आली तेव्हा अशा गाड्या ट्रकसारख्या शिडीवजा चासीवर टप ठेवून बनवत. अमेरिकन मोटर्सने रेनोच्या अभियंत्यांच्या साथीने चासी आणि टप एकाच पोलादी सांगाड्यात गुंफले. आधीच्या चेरोकीपेक्षा गाडी २१ इंच आखूड आणि सुमारे हजार पौंड हलकी झाली, तरी आत पाच माणसं सहज मावत. कोनाकोनांची, साधी, दणकट गाडी, जी अमेरिकेत २००१ पर्यंत बनली आणि चीनमध्ये बीजिंग जीप या संयुक्त प्रकल्पातही. माझ्या मते एमबीनंतर जीपने बनवलेली ही सर्वांत विचारपूर्वक गाडी आहे. तिच्या नावाविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. चेरोकी हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका राष्ट्राचं नाव आहे, आणि २०२१ मध्ये चेरोकी नेशनच्या प्रमुखांनी ते मोटारींवर वापरणं थांबवावं अशी मागणी जाहीरपणे केली. ती रास्त आहे.

दुसरी ग्रँड चेरोकी. जानेवारी १९९२ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात क्रायस्लरचे अध्यक्ष बॉब लुट्झ शहराचे महापौर कोलमन यंग यांना शेजारी बसवून ही गाडी कारखान्यातून चालवत निघाले, प्रदर्शन सभागृहाच्या पायऱ्या चढले आणि काचेची भिंत फोडून आत आले. नफ्याच्या दृष्टीने तिने कंपनीला तारलं. ती डेट्रॉइट शहराच्या हद्दीतच बनते.

आणि सीजेचं काय झालं? १९८० च्या अखेरीस सीजे वळणावर उलटते असं दाखवणारा टीव्ही कार्यक्रम अमेरिकेत गाजला. खटले वाढले. १९८६ मध्ये सीजेची जागा रँग्लरने घेतली, थोडी रुंद आणि बुटकी. तिला चौकोनी हेडलाइट दिले आणि जीपवाले खवळले. दहा वर्षांनी गोल दिवे परत आले, पानपट्ट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. २००३ मध्ये रुबिकॉन ही आवृत्ती आली. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडा डोंगरातल्या एका खडकाळ वाटेवरून तिचं नाव घेतलं. तिथे १९५३ पासून जीपवाल्यांचा जंबोरी नावाचा मेळावा भरतो. या गाडीत बटण दाबून दोन्ही आसांची डिफरन्शियल कुलूपबंद करता येतात, म्हणजे मघाशी सांगितलेला चिखलातला शाप कारखान्यातूनच उतरवलेला. २००७ पासून चार दारांची रँग्लर मिळू लागली आणि तिचा खप अनेक पटींनी वाढला. तिचाच सांगाडा लांबवून, मागे हौदा जोडून ग्लॅडिएटर ही पिकअप झाली. दोन्ही टोलेडोत बनतात, जिथे १९४१ पासून जीप बनते आहे.

बाकी ताफ्यावरून झरझर जाऊ. कंपास आणि पॅट्रियट या मोटारीच्या सांगाड्यावरच्या छोट्या गाड्या २००७ ची मॉडेलं म्हणून आल्या आणि जुन्या जीपवाल्यांना त्या रुचल्या नाहीत. फियाटच्या काळात इटलीत बनलेली रेनेगेड आली. पोलंडमध्ये बनणारी ॲव्हेंजर विजेवर चालणारी पहिली जीप, तिला २०२३ चा युरोपातला कार ऑफ द इयर पुरस्कार मिळाला. मोठी, महागडी वॅगोनिअर २०२१ मध्ये परतली.

आता महाराष्ट्राकडे येऊ. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत १९४५ मध्ये कंपनी काढली. युद्धकाळात कैलाशचंद्र भारताच्या खरेदी पथकाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते आणि तिथे त्यांनी जीप पाहिली होती. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या माझगावला सुट्या भागांतून विलीज जीपची जुळणी सुरू झाली, १९५४ मध्ये विलीजशी सहकार्याचा करार झाला आणि हळूहळू भाग इथेच बनू लागले.

पुढची चार दशकं महाराष्ट्राच्या गावात सरकार आलं ते जीपमधून. तहसीलदार, बीडीओ, पोलीस, जंगल खातं, पाटबंधारे, साथीच्या काळातलं डॉक्टरांचं पथक. निवडणूक आली की टपावर कर्णा बांधलेली जीप. मग तिला डिझेल इंजिन बसलं, टप लांबला, आणि पश्चिम महाराष्ट्रात वडाप म्हणून, मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून तिने एसटी न पोचणाऱ्या वाड्या-वस्त्यांवरची माणसं वाहिली. नियमापेक्षा कितीतरी जास्त माणसं भरून, आणि त्यातून झालेले अपघातही विसरता येणार नाहीत. एमएम ५४०, मेजर, आणि २०१० मध्ये आलेली थार ही सगळी त्या विलीजचीच लेकरं.

याच वंशावरून २०१८ मध्ये भांडण पेटलं. महिंद्राने डेट्रॉइटजवळ रॉक्सर नावाची, रस्त्याबाहेर चालवायची गाडी बनवायला घेतली. तिचं रूप जुन्या जीपचंच होतं. फियाट क्रायस्लरने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जून २०२० मध्ये आयोगाने त्या रूपातल्या रॉक्सरवर बंदी घातली. महिंद्राने चेहरा बदलला आणि डिसेंबरात आयोगाने नव्या रूपाला हरकत नाही असं ठरवलं. कायद्याने निकाल बरोबर असेल. पण ज्या रूपाचा पहिला आराखडा बटलरमध्ये झाला आणि जाळी फोर्डने दाबली, त्यावर एकाच कंपनीचा हक्क कसा, हा १९४८ चा प्रश्न मला तरी सुटलेला वाटत नाही.

स्वतः जीप हा ब्रँड भारतात २०१६ मध्ये दुकान मांडून आला आणि पुढच्या वर्षी पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात कंपास बनू लागली. टाटा आणि फियाटचा हा संयुक्त प्रकल्प. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या कंपास इथूनच ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानला गेल्या. बैठकींच्या तीन ओळींची मेरिडियन २०२२ पासून इथेच बनते, रँग्लरचीही जुळणी इथे सुरू झाली.

आज जीप घेण्याचा विचार असेल तर नुसत्या सात खाचांवर जाऊ नका. कंपास आणि मेरिडियनच्या बऱ्याच आवृत्त्यांत फक्त पुढची दोन चाकं ओढतात. ज्या आवृत्त्यांत चारही ओढतात, त्यांतही रँग्लरसारखा लोचा वेगळा गिअरसंच नाही. शहरात आणि महामार्गावर त्याने काही बिघडत नाही, गाड्या चांगल्या आहेत. पण शेताची वाट, पावसाळ्यातला कोकण किंवा नदीचं पात्र रोजचं असेल, तर शोरूममध्ये पहिला प्रश्न चाकांचा आणि दुसरा लोचा विचारा, आणि उत्तर मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नका.